जुन्या टॉकीजमधला कारखाना : माल कोणाचा?

बंद पडलेल्या व्यापारी इमारतींची आपल्याकडे वाण नाही. कुठे टॉकीजला टाळे लागले आहे, कुठे मागांची शेड रिकामी आहे, कुठे सुताचे गोदाम दर पावसाळ्यात गळते आहे. मालक बिल्डरची वाट पाहतो आणि तोवर इमारत खात राहते. अशा जागेत नवा धंदा कसा उभा राहतो, आणि उभा राहिलेला धंदा कशामुळे हातचा जातो, या दोन्ही गोष्टी एकाच उदाहरणातून शिकता येतात. ते उदाहरण अमेरिकेतील मेम्फिस शहराचे आहे. तेथे १९६० साली एका जुन्या सिनेमागृहाचे ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत रूपांतर झाले. त्या कंपनीचे नाव पुढे 'स्टॅक्स' पडले.

गाण्याबजावण्याविषयी आपल्या वाचकांत वेगवेगळी मते आहेत. तो विषय या पानाचा नाही. आवाज मुद्रित करण्याची खोली किरअतीला, नातीला, व्याख्यानाला आणि पुस्तकवाचनालाही तशीच लागते. आम्हाला येथे इमारत, कारागिरी आणि करार एवढेच पाहायचे आहे.

जागा कशी मिळाली

जिम स्टुअर्ट हे मेम्फिसच्या एका बँकेत नोकरी करीत आणि फावल्या वेळात फिडल वाजवीत. १९५७ साली त्यांनी 'सॅटेलाइट' नावाने रेकॉर्ड काढण्याचा छोटा धंदा सुरू केला. त्यांची थोरली बहीण एस्टेल ॲक्स्टन याही बँकेत कामाला होत्या. भावाजवळ चांगले यंत्र नाही हे पाहून या बहिणीने आपले राहते घर गहाण टाकले, अडीच हजार डॉलर उभे केले आणि ॲम्पेक्स कंपनीचे ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन दिले. म्हणजे धंद्याचे पहिले भांडवल एका घराच्या छपराचे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे जे गेले ते याच भांडवलातून उगवलेले होते.

काही काळ त्यांनी शहराबाहेर ब्रन्सविक या गावी काम केले. तेथे गिऱ्हाईक नाही आणि वाजवणारेही नाहीत. १९६० साली त्यांना मेम्फिसच्या ईस्ट मॅक्लेमोर रस्त्यावर कॅपिटल नावाचे बंद पडलेले सिनेमागृह भाड्याने मिळाले. वस्ती बदलत होती. गोरे लोक ती सोडून जात होते आणि काळ्या लोकांची कुटुंबे तेथे राहायला येत होती. अशा वस्तीतील जागेला त्या वेळी भाव नव्हता. स्टुअर्ट यांना मात्र हवे होते ते सारे तेथे होते : उंच छत, जाड भिंती, मोठी मोकळी खोली आणि रस्त्यावर उघडणारा दर्शनी भाग.

जुन्या व्यापारी इमारतीची किंमत करताना आपण चौरस फूट मोजतो. या धंद्यात घनफूट मोजावे लागतात. छत जितके उंच तितका आवाज मोकळा राहतो. आठ फुटी छताच्या खोलीत तो कोंडतो. टॉकीज, गोदाम आणि मागांची शेड या तिन्ही इमारतींत ही उंची आयतीच मिळते. नवीन गाळ्यात ती लाख रुपये मोजूनही मिळत नाही.

दुरुस्तीत काय केले, काय सोडले

ठेकेदार लावण्याइतका पैसा त्यांच्याकडे नव्हता. घरच्या माणसांनी आणि वाजवणाऱ्यांनी मिळून काम उरकले. खुर्च्या उपटून काढल्या. हॉल गरजेपेक्षा मोठा होता, म्हणून मधोमध आडभिंत घालून तो निम्मा केला. जेथे पडदा होता त्या रंगमंचावर यंत्राची खोली बांधली. लाकडी चौकटींना गोणपाट ठोकून सरकते आडपडदे केले, म्हणजे एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये शिरू नये. भिंतींवर जाड पडदे सोडले, आणि ते एस्टेल ॲक्स्टन यांनी स्वतः शिवले होते.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. सिनेमागृहाची जमीन उतरती असते, मागे उंच आणि पडद्याकडे खाली. ती सपाट करायला पैसे उरले नाहीत. त्यामुळे वाजवणारे उतारावर बसून वाजवीत. पुढे जाणकारांच्या लक्षात आले की या इमारतीतून निघणारा आवाज दुसऱ्या कोठल्याही स्टुडिओसारखा नाही, आणि त्याचे मोठे श्रेय या उतरत्या जमिनीला व मोठ्या खोलीला दिले गेले.

यामागे साधे शास्त्र आहे. खोलीच्या समोरासमोरच्या भिंती, किंवा जमीन आणि छत, एकमेकांना समांतर असतील तर आवाज त्यांच्यात चेंडूसारखा उडत राहतो. काही सूर नको तितके फुगतात, काही दबतात. रिकाम्या गोदामात टाळी वाजवली की मागून फडफड ऐकू येते, ती हीच. एक बाजू तिरपी केली की ही उडी मोडते. नवा स्टुडिओ बांधणारे मुद्दाम पैसे मोजून भिंती तिरप्या करून घेतात. कॅपिटल टॉकीजमध्ये तिरकेपणा फुकट मिळाला होता.

आमच्या कारागीर बंधूंनी येथे थोडे थांबावे. जुनी जागा ताब्यात आली की आधी सर्व काही पाडून सपाट करण्याची आपल्याला घाई असते. इमारतीत जे आहे ते नव्या कामाच्या आड येते की उपयोगी पडते, हे पाहिल्याशिवाय हातोडा उचलू नये. टाळी वाजवून, मोठ्याने बोलून, चार कोपऱ्यांत उभे राहून खोली आधी ऐकावी.

पडद्याचा हिशोब

हा भाग आम्ही सविस्तर लिहितो, कारण तो आमच्या धंद्याचा आहे. भिंतीवर कापड लावले की आवाज बंद होतो, असा सर्वत्र समज आहे. कापड दुकानात असे गिऱ्हाईक नेहमी येते. समज अर्धाच खरा आहे.

आवाज अडवणे आणि आवाज शोषणे ही दोन वेगळी कामे आहेत. अडवण्यासाठी वजन लागते. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत सुमारे ५० डेसिबल आवाज अडवते. कितीही भारी पडदा तिच्या जवळपास येत नाही. पण त्याच भिंतीत शंभराव्या हिश्शाची जरी फट राहिली, दाराखाली किंवा खिडकीच्या कडेला, तर अडवणूक २० डेसिबलवर घसरते. म्हणून रस्त्याचा गोंगाट थांबवायचा तर कापडवाल्याकडे नव्हे, गवंडी आणि सुतार यांच्याकडे जावे.

खोलीतल्या आवाजाचे उडणे कमी करणे हे शोषणाचे काम, आणि तेथे कापड कामाला येते. पण कोणते आणि कसे? आवाजशास्त्राच्या प्रचलित कोष्टकात दोन मखमलींची तुलना असते. पहिली हलकी, साधारण ३४० जीएसएमची, भिंतीला चिकटून सपाट लावलेली. मधल्या पट्टीचा, म्हणजे १००० हर्ट्झचा आवाज ती फक्त १७ टक्के शोषते. दुसरी भारी, साधारण ६१० जीएसएमची, दुप्पट कापड घेऊन चुण्या पाडून सोडलेली. ती तोच आवाज ७२ टक्के शोषते. वजन दुप्पटही नाही, पण गुण चौपटीहून अधिक. हा फरक निव्वळ कापडाचा नाही, चुण्यांचाही आहे.

तेच कोष्टक दुसरी गोष्टही सांगते. जाड, घुमणारा, १२५ हर्ट्झचा आवाज पहिली मखमल ३ टक्के शोषते आणि दुसरी अवघी १४ टक्के. याचे कारण लहरीची लांबी. १००० हर्ट्झची लहर सुमारे ३४ सेंटीमीटर लांब असते आणि १०० हर्ट्झची जवळजवळ साडेतीन मीटर. कापड भिंतीपासून लहरीच्या चौथ्या हिश्शाइतके दूर असेल तेव्हा सर्वांत जास्त काम करते. म्हणजे बारीक आवाजाला आठ-नऊ सेंटीमीटरची पोकळी पुरते, पण ढोलकीच्या धुमाऱ्याला पाऊण मीटरहून अधिक हवी. इतकी जागा कोण सोडणार? म्हणून खालच्या पट्टीसाठी कोपऱ्यांत खनिज लोकरीचे जाड थर भरतात आणि त्यावर कापड ताणतात. ते कापड विरळ विणीचे असावे, फुंकर आरपार जाईल असे. गोणपाट त्यासाठी उत्तम. मागचा थर काम करतो, कापड फक्त झाकते.

तेव्हा नियम असा : पडदा भारी घ्या, पन्ह्याच्या हिशोबाने दुप्पट कापड धरा आणि भिंतीपासून निदान चार इंच पुढे सोडा. आणि आणखी एक. टांगलेले गोणपाट आगीला आमंत्रण असते. आग न धरणारी प्रक्रिया केलेलेच कापड वापरावे, त्यात काटकसर करू नये.

पुढे दुकान, मागे कारखाना

कॅपिटल टॉकीजच्या दर्शनी भागात मध्यंतरात खाऊ विकण्याचा गाळा होता. एस्टेल ॲक्स्टन यांनी तेथे रेकॉर्डचे दुकान मांडले. आमच्या मते या साऱ्या व्यवहारातील हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते.

दुकानामुळे रोजचा गल्ला येऊ लागला. स्टुडिओचे उत्पन्न कधी येईल याचा नेम नसतो, पण दुकानावर वीजबिल निघते. दुसरा फायदा त्याहून मोठा. मागे मुद्रित झालेले गाणे पुढच्या दुकानात वाजवायचे आणि गिऱ्हाइकाचा चेहरा पाहायचा. कोणत्या गाण्याला मुले थांबतात, कोणत्याला निघून जातात, हे ॲक्स्टन टिपून ठेवीत. नवीन डिझाइनचे दोन तागे आधी गल्ल्यावर ठेवून पाहणारा व्यापारी हेच करतो. तिसरा फायदा म्हणजे कारागीर दारात आले. बुकर टी. जोन्स हा शाळकरी मुलगा रेकॉर्ड ऐकायला दुकानात येई. समोरच्या किराणा दुकानात काम करणारा डेव्हिड पोर्टर रस्ता ओलांडून आला. पहिला नामवंत वादक झाला, दुसरा गीतकार.

त्या काळी मेम्फिसमध्ये काळ्या-गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, हॉटेले वेगळी. या इमारतीत मात्र दोन्ही एकत्र काम करीत. वस्ती बदलली म्हणून जेथून भांडवल पळाले होते, तेथेच वस्तीच्या हुनरातून धंदा उभा राहिला.

१९६० मध्येच रूफस थॉमस आणि त्यांची कन्या कार्ला यांची रेकॉर्ड येथे निघाली आणि गाजली. १९६१ साली, 'सॅटेलाइट' नावाची दुसरी कंपनी असल्याचे कळल्यावर, स्टुअर्ट आणि ॲक्स्टन यांच्या आडनावांतील अक्षरे जोडून 'स्टॅक्स' हे नाव घेतले गेले. १९६२ साली बुकर टी. आणि त्याच्या साथीदारांच्या 'ग्रीन अनियन्स' या रेकॉर्डने देशभर नाव केले. ओटिस रेडिंग हा गायकही येथलाच.

कागद

आता मुख्य गोष्ट. लहान कारखानदाराला देशभर माल पोहोचवता येत नाही. न्यूयॉर्कच्या अटलांटिक कंपनीने वितरण स्वीकारले. तिच्या वतीने जेरी वेक्सलर बोलणी करीत. पाच वर्षे हा सौदा हात मिळवण्यावर चालला. माल जाई, हिस्सा येई, कोणाची तक्रार नव्हती.

१९६५ साली कागद झाला. स्टुअर्ट यांना वेक्सलर यांच्यावर भरवसा होता, कंपनीवर तितका नव्हता. म्हणून त्यांनी एक अट मागून घेतली : वेक्सलर अटलांटिकमधून गेले किंवा त्यांनी आपला हिस्सा विकला, तर आम्हाला करार मोडता यावा. ती अट मिळाली. उरलेला मजकूर त्यांनी नीट न वाचता, वकिलाला न दाखवता, सही केली.

१९६७ साली अटलांटिक ही वॉर्नर-सेव्हन आर्ट्स या कंपनीला विकली गेली. त्याच वर्षी १० डिसेंबरला ओटिस रेडिंग विमान अपघातात मरण पावला. १९६८ मध्ये नव्या मालकांशी पटेना, तेव्हा स्टुअर्ट करार मोडून आपला माल घेऊन निघू लागले. त्या वेळी मजकूर वाचला गेला. त्यात लिहिले होते की अटलांटिकने वितरित केलेल्या स्टॅक्सच्या साऱ्या रेकॉर्डच्या मूळ फिती, हक्कासह, अटलांटिकच्या मालकीच्या आहेत. आठ वर्षांचे काम, मेलेल्या गायकाच्या रेकॉर्डसकट, एका वाक्यात गेले होते.

आपल्या मागवाल्या बंधूंना हे चटकन समजेल. व्यापाऱ्याने सूत दिले, आपण मजुरीवर विणले, तर कापड व्यापाऱ्याचे; आपला हक्क फक्त मजुरीवर. सूत आपले, माग आपला, तर कापड आपले आणि आडत्या फक्त विकून देतो. दोन्ही धंदे इज्जतीचे आहेत, पण भाव वेगळे. स्टॅक्सने सूत स्वतःचे घातले होते, जोखीम स्वतःची घेतली होती, घर गहाण टाकले होते. त्यांना वाटत होते की आपण कापड विकतो आहोत. कागद सांगत होता की तुम्ही मजुरीवर विणता आहात.

पुढे काय झाले

स्टॅक्स तेथेच संपली नाही. कोठार रिकामे झाले म्हणून १९६९ साली अल बेल यांच्या पुढाकाराने एकाच वेळी २७ अल्बम काढून नवा साठा उभा केला गेला. हे धाडस वाखाणण्यासारखे होते. पण १९७२ मध्ये सी.बी.एस. या मोठ्या कंपनीशी पुन्हा वितरणाचा करार झाला, आणि तोही गळ्याशी आला. माल दुकानांपर्यंत पोहोचेना, कर्ज वाढले. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने दारे बंद झाली. इमारत बँकेकडे गेली. बँकेने १९८१ मध्ये ती नाममात्र १० डॉलरना एका चर्च संस्थेला दिली आणि १९८९ मध्ये ती पाडली गेली. २००३ साली त्याच जागेवर तशीच दिसणारी इमारत बांधून संग्रहालय उघडले. त्यात उतरती जमीनही मुद्दाम करून घेतली आहे. जी जमीन पैसे नव्हते म्हणून सोडली होती, ती पैसे खर्चून परत बांधावी लागली.

त्याच शहरात रॉयल नावाच्या दुसऱ्या जुन्या सिनेमागृहात १९५७ पासून स्टुडिओ आहे. तेथील जमीनही उतरती आहे. विली मिचेल यांच्या घराण्याने ती खोली फारशी न बदलता सांभाळली आणि तो स्टुडिओ आजही चालू आहे. म्हणजे दोष जुन्या इमारतीचा नव्हता.

आपल्याकडे करायचे तर

ज्या बंधूंकडे अशी जागा आहे, किंवा जे ती भाड्याने घेऊ पाहतात, त्यांनी पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. शेजार. भिवंडी-मालेगावात बाजूच्या शेडमध्ये माग चालू असतील तर त्यांची थरथर जमिनीतून येते. ती पडद्याने थांबत नाही. त्यासाठी रबरावर तरंगती दुसरी जमीन घालावी लागते आणि ती महाग पडते. दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा जागेत बसून ऐकावे.

२. छप्पर. पत्र्याचे छप्पर पावसाळ्यात ढोल होते. खोलीच्या आत दुसरी, पत्र्याला न टेकणारी छत घालण्याचा खर्च आधी काढावा.

३. मजबुती. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घेणे महापालिका कायद्याच्या कलम ३५३ बी नुसार बंधनकारक आहे. अन्य शहरांतही शहाण्याने ती करून घ्यावी. वापर बदलण्याची परवानगी, अग्निशमन आणि विजेचा भार यांची पूर्तता आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पाहावी.

४. भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, व नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. केलेल्या दुरुस्तीचा, आडभिंतींचा, जमिनीचा पैसा जागा सोडताना कोणाचा, हे करारातच लिहून घ्यावे.

५. मुद्रणाची मालकी. भारताच्या कॉपीराइट कायद्यात, १९५७, ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्याने ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. ज्याची खोली तो नव्हे. तासावर खोली भाड्याने देणारा मजुरीवर विणतो, हे समजूनच दर लावावा. स्वतः पैसा घालून मुद्रण केले तर तसे कागदावर आणावे.

६. हक्काची विक्री. त्याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देणे लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता, असे मानले जाते. म्हणजे कोरी जागा आपल्या बाजूने थोडी तरी उभी राहते. पण 'कायमचे' आणि 'जगभर' असे दोन शब्द लिहिले की हे संरक्षण गेले. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षे टिकतो. म्हणजे आज केलेली सही नातवापर्यंत पोहोचते.

७. वितरक. विकून देण्याचा हक्क आणि मालकीचा हक्क दोन वेगळ्या कलमांत लिहून घ्यावेत. करार संपल्यावर मूळ मुद्रण किती दिवसांत परत मिळेल, याचे वाक्य शोधावे. सापडले नाही तर सही करू नये.

आपल्या बाजारात शब्दावर लाखांचा माल उचलला जातो आणि ही आपली अब्रू आहे. पण शब्द माणसाचा असतो आणि माणूस दुकान विकून जाऊ शकतो. स्टुअर्ट यांनी वेक्सलर यांच्यासाठी अट घातली, कारण त्यांना माणूस ओळखीचा होता. कागदातली दुसरी वाक्ये ज्यांच्या हाती गेली ते अनोळखी निघाले. तेव्हा ओळखीच्या माणसाशी करार करतानाही तो असा लिहून आणि वाचून घ्यावा, की उद्या त्याच्या खुर्चीवर अनोळखी बसला तरी आपला माल आपला राहील. कापड मोजताना आपण वार दोनदा धरतो. कागदही दोनदा वाचावा.